ब्रेक लागतो ना, मग झालं!

सायकलचा ब्रेक लागला की काम संपलं, असं मानणारी माणसं सुखी असतात. आमच्या सोसायटीत अशी सुखी माणसं फार, आणि रविवारी सकाळी ती सगळी पार्किंगमधूनच ये-जा करतात.

"काय बिघडलंय हो?"

"काही नाही, वायर नीट बसवतोय."

"ब्रेक लागतो ना?"

"लागतो."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नसतं. कंपनीनं बसवून दिलेली ती काळी वायर हॅन्डलवरून निघून पुढे असा भला मोठा फेरा घालत खाली उतरते, की सायकलला सलाइन लावलंय असं वाटावं. मला ते बघवत नाही.

माझ्या सायकलला मेकॅनिकल डिस्क ब्रेक आहेत, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली चकती दाबून धरणारे. तेलावर चालणारे डिस्क ब्रेक पैसेवाल्यांचे. आमचं सगळं तारेवर. आउटरच्या, म्हणजे बाहेरच्या नळीच्या, आतून इनर, म्हणजे आतली तार, ओढायची ही युक्ती अर्नेस्ट बोडन नावाच्या गृहस्थानं 1896 साली लंडनमध्ये पेटंट करून घेतली. युक्ती झकासच. फक्त वायर न्यायची कुठून, ते साहेबांनी आमच्यावर सोडलं.

कागदावर सोपं आहे. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला आणि डिस्कचा कॅलिपर (चकती दाबणारा चिमटा) पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या डाव्या पायाला. म्हणजे वायरीनं उजवीकडून निघायचं, समोरून ऐसपैस वळण घ्यायचं आणि डावीकडे उतरायचं. (अमेरिकेत पुढचा ब्रेक डाव्या हाताला. तिथल्या वायरीला डावीकडून डावीकडेच यायला अंग चोरावं लागतं. एका बाबतीत तरी आपण पुढे!) पण पाच मिलिमीटर जाडीच्या आउटरला स्वतःचं मत असतं. दुकानात ती वेटोळं करून टांगलेली असते आणि ते वेटोळं काही ती विसरत नाही. डावीकडून दाबली की उजवीकडे फुगते. फोर्कला लावायला जावं तर गियरच्या वायरीत नाक खुपसते.

आखूड कापावी तर हॅन्डल पूर्ण वळवल्यावर ताणली जाते. लांब ठेवावी तर पुन्हा सलाइन. त्यात माझ्या फोर्कला सस्पेन्शन. फोर्क दबला की वरचं-खालचं अंतर कमी होतं आणि वायरीला बाहेर फुगायला जागा लागते. आत फुगली तर चाकाला घासणार. आमच्या रस्त्यांवर फोर्क कधी दबत नाही, ते विचारा. फोर्कच्या वरच्या चकचकीत नळीला वायर धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा टाय बांधायचीही सोय नाही, कारण तीच खालच्या नळीत शिरते.

आमचे मेव्हणे इंजिनियर. त्यांनी हात लावला नाही, सूत्र सांगितलं. "ऑयलर नावाच्या गणितज्ञानं अठराव्या शतकातच सांगून ठेवलंय. वळण मोठं की लहान ते सोडा, वायर एकूण किती अंश वळली ते मोजा. घर्षण त्यावर वाढतं, आणि तेही पटीत."

"बरं, जरा हे टोक धरता का?"

"मला मीटिंग आहे."

रविवारी!

दुकानदाराची तऱ्हा वेगळी. "ब्रेकची आउटर संपली, गियरची देऊ?" गियरच्या आउटरमध्ये तारा लांबीनं सरळ असतात, ब्रेकच्या जोरानं ती फुटू शकते, ब्रेकची म्हणजे चपट्या तारेची स्प्रिंग. हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, ब्रेक लागल्याशी मतलब ना?"

शेवटी हवी ती आउटर मिळाली. पकडीनं कापली की तिचं तोंड चेपतं, तारेचं टोक आत वळतं आणि इनर तिथेच अडकते. मग कानस मारून तोंड सपाट करायचं, आतली प्लॅस्टिकची नळी दाभणानं पुन्हा गोल करायची, वर टोपी बसवायची. दाभण आईचं. "अरे, ते गोधडीचं आहे!" असा आवाज वरून आला तेव्हा दाभणाला ग्रीस लागून गेलं होतं.

टायची उरलेली शेपटी कात्रीनं कापली तर धारदार कोपरा राहतो आणि सायकल पुसताना हात सोलतो. नेलकटरनं मात्र ती अगदी मुळाशी तुटते. नेलकटर बायकोचा.

"तू सायकलची नखं कापतोयस?"

पण जमलं! वायर फोर्कच्या डाव्या पायामागून अशी उतरली की बघत राहावं. हॅन्डल इकडे पूर्ण वळवा, तिकडे पूर्ण वळवा, कुठे ताण नाही, कुठे घासणं नाही, आणि बोटभरही जास्तीची नाही. मी बायकोला मुद्दाम खाली बोलावून दाखवली.

"छान," ती म्हणाली. "आधी कुठे होती?"

पार्किंगमध्ये वाकून वाकून कंबर धरली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. गोळ्याही फारशा दिल्या नाहीत.

"सायकल अजिबात बंद करू नका," ते म्हणाले. "फक्त हॅन्डल दोन इंच वर करून घ्या."