थाई आडनावं लांब का? अर्धं उत्तर राहिलं
थाई आडनावं लांबलचक असतात ती संस्कृत-पालीच्या प्रभावामुळे, असं या विषयावरच्या लेखात म्हटलंय. ते खरं आहे, पण खरी मेख कायद्यात आहे. थायलंडचा राजा वजिरावुध (सहावा राम) याने १९१३ साली आडनाव सक्तीचं केलं. त्याआधी सामान्य माणसाला आडनावच नव्हतं. राजाने स्वतः सहा हजारांहून जास्त घराण्यांना आडनावं दिली. माजी पंतप्रधान अभिसित यांचं ‘वेज्जाजीव’ त्यांतलंच. त्यांचे पूर्वज डॉक्टर होते, त्यावरून ते मिळालं.

नियम असा की एक आडनाव एकाच घराण्याचं. आपल्याकडे दोन पाटील भेटले तर नातं निघेलच असं नाही. तिथे मात्र आडनाव जुळलं की नातेवाईक असणार, हे जवळपास गृहीतच. चिनी वंशाच्या कुटुंबांनी ‘से’ (कुळनाव दाखवणारा चिनी शब्द) लावलेली कुळनावं सोडून थाई आडनावं घेतली, तेव्हा सोपी, छोटी नावं आधीच गेलेली होती. मग शब्दाला शब्द जोडत लांबी वाढली. माजी पंतप्रधान थाकसिन यांचं शिनावात्रा घराणंही मूळचं चिनी वंशाचंच.

एवढं करूनही रोजच्या व्यवहारात आडनाव कुणी वापरत नाही. पंतप्रधानांनासुद्धा पहिल्या नावानेच ओळखतात!

लेखात बायकांचा मुद्दा पूर्ण सुटलाय, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावण्याची सक्ती तिथल्या घटना न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. आता नवरा-बायको दोघांपैकी कुणाचंही आडनाव घेऊ शकतात, किंवा आपापलं ठेवू शकतात. यावर लेखकांनी सविस्तर लिहावं, ही मनापासून विनंती.