पन्नास गुण म्हणजे व्यसन नव्हे

नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या ग्रुपवर एक प्रश्नावली फिरते आहे: १५ वाक्यं, प्रत्येकाला १ ते ६ गुण, आणि खाली ठळक ओळ, "५० च्या वर गेलात तर तुम्हाला खाण्याचं व्यसन आहे." हे चूक आहे. शेजारच्या मुलीने आपले ५४ गुण पाहून समोरची तर्री-पोह्याची प्लेट तशीच सारली आणि दुपारपर्यंत उपाशी राहिली, म्हणून लिहिते आहे.

ही वाक्यं तल्लफ मोजतात: पदार्थ किती वेळा आठवतो, समोर आला की हात आवरतो का. ५० हा आकडा फार तर पुढची तपासणी कुणाची करावी हे चाळायला. तो निदान नाही. व्यसनासारखं खाणं मोजायला येल विद्यापीठाची मोजपट्टी वेगळी आहे. तिच्या २०१६ च्या आवृत्तीत ३५ प्रश्न आहेत. वर्षभरातली किमान २ लक्षणं हवीत, शिवाय त्यापायी मोठा त्रास किंवा रोजच्या जगण्यात अडथळाही हवा. तल्लफ हे ११ लक्षणांपैकी फक्त एक! मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या अमेरिकी ग्रंथात तर 'अन्नाचं व्यसन' असा आजारच नोंदलेला नाही.

पोट भरूनही थांबता येत नसेल, लपून खाणं होत असेल, तर मात्र मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, मानसोपचार विभागात जरूर दाखवा.