चपलांच्या स्टँडसकट फ्लॅट

काल दुपारी एका कुलूपबंद दारासमोर मी एका अनोळखी काकांना माझी ऐपत पटवून देत होतो. फ्लॅट बँकेने जप्त केलेला, डोंबिवलीतला. लिलावाच्या नोटिशीत पाहणीची वेळ ११ ते ४ छापलेली. ११ ला बँकेचा माणूस नव्हता, ४ लाही नव्हता. होते ते समोरच्या ब्लॉकमधले काका, आणि जप्त दाराला टेकवलेला त्यांचा चपलांचा स्टँड.

"लिलाव का?" काका बनियनवरच बाहेर आले. "कितीला?"

"राखीव किंमत ४२ लाख. बोली तिथून सुरू."

"तुम्ही किती लावणार?"

हे मी घरीही सांगितलेलं नाही. "अजून ठरलं नाही."

"म्हणजे पैसे नाहीत."

मला झोंबलं. मग सगळं सांगत बसलो: आधी १० टक्के अनामत. बोली लागली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, अनामत धरून २५ टक्के. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. चुकलं तर भरलेलं गेलं.

"१५ दिवसांत कर्ज होतं?"

हाच प्रश्न बँका टाळतात. सहसा होत नाही. मंजुरी आधीच खिशात हवी, नाहीतर बँकेकडून लेखी मुदतवाढ. तीही जास्तीत जास्त तीन महिने.

"बरं, स्टँडचं काय?"

"तुमच्या दारात ठेवा की."

"आमच्या दारात सायकल आहे." काकांनी आतून पेपर आणला, नोटिशीवर बोट ठेवलं. "वाचा. 'जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे.' स्टँड जसा आहे, तिथेच आहे."

वकिली डोकं! त्या तीन शब्दगटांत बँक स्वतःची सगळी जबाबदारी झटकते, तर काकांनी एक स्टँड सोडवून घेतला तर काय बिघडलं?

तसं ही घरं शोधणं अवघड नाही. सरकारी बँकांची २०२५ च्या जानेवारीपासून 'बाँकनेट' या लिलावाच्या पोर्टलवर एकत्र दिसतात. खासगी नि सहकारी बँकांची पेपरात, मुंगीएवढ्या अक्षरांत. सरफेसी, म्हणजे बुडीत कर्जापोटी तारण जप्त करून विकायचा कायदा; त्याखालची लिलाव नोटीस दोन पेपरांत द्यावी लागते, त्यातला एक स्थानिक भाषेतला. म्हणून मराठी पेपर टाकू नये. पहिल्या लिलावाला ३० दिवसांची मुदत असते, फसला तर पुढच्याला १५. फसलेल्या लिलावांवर नजर ठेवावी, राखीव किंमत उतरते ती तिथेच.

किमतीच्याही आधी ताब्याचा रकाना वाचायचा. 'सांकेतिक', म्हणजे नुसता कागदोपत्री, असेल तर आत माणसं राहत असण्याची दाट शक्यता. त्यांना काढायला बँक याच कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाणार, कर्जदार कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात, आणि तुम्ही हप्ते भरत भाड्याच्याच घरात. इथे ताबा 'प्रत्यक्ष' होता म्हणून मी खूश होतो. प्रत्यक्ष, पण आतला. बाहेरचा काकांकडे.

"आणि मेंटेनन्स थकलाय हं," काका दार लोटताना म्हणाले. "मी कमिटीत आहे."

आकडा सांगेनात, लेखी अर्ज करा म्हणे. नोटिशीत बँकेने 'अज्ञात देणी खरेदीदाराची' असं लिहून हात धुतलेले. विजेचं थकलेलं बिलही नव्या मालकाच्या गळ्यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येच मान्य केलंय. तेव्हा बोलीआधी सोसायटीचं थकबाकीचं पत्र, वीजबिल, मालमत्ता कर आणि सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा), चारही हातात हवीत.

शेवटी बँकेच्या अधिकाऱ्याला फोन लागला.

"पाहणीला कोणीच आलं नाही, साहेब."

"दार पाहिलंत ना? मग झाली पाहणी."

आणि नोटिशीतली अट त्याच्याच बाजूने: बोली लावणाऱ्याने पाहणी करून खात्री केली आहे, असे समजले जाईल. हप्त्याला चार दिवस उशीर झाला की दंड लावणाऱ्या या मंडळींकडे मी ४ लाख २० हजार अनामत ठेवायची. बोली हुकली तर ती परत मिळणार, बिनव्याजी. कधी, म्हणून विचारलं तर म्हणाले, "सिस्टीमला विचारा."