नाडी 112

"तुमची नाडी 112 आहे," असं एका अनोळखी गृहस्थांनी भर दुकानात जाहीर केलं, त्याला आज तीन दिवस झाले. मी घड्याळ घ्यायला गेलो होतो.

गाडं दोन घड्याळांवर अडलं होतं. पहिलं इनॅमलच्या तबकडीचं. पांढरीशुभ्र तबकडी, निळे काटे, बाकी काही नाही. साधी तारीखही नाही. धातूच्या चकतीवर काचेची पूड पेरायची, 800 अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत घालायची, काढायची, पुन्हा पेरायची, पुन्हा भट्टी. मागच्या बाजूलाही लेप द्यायचा, नाहीतर चकती वाकते. एक बुडबुडा आला की सगळी मेहनत पाण्यात. पण जी तबकडी तरते, तिचा रंग पिढ्या गेल्या तरी उतरत नाही. फक्त आपटायची नाही, आपटली की तडा. माझ्या हातून आजवर किती कप फुटले, हे मी दुकानात बोललो नाही.

दुसरं जुन्या धाटणीचं क्रोनोग्राफ, म्हणजे पोटात स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. दोन बटणं, पोटात छोट्या तबकड्या आणि कडेला आकड्यांची नुसती जत्रा. एका पट्टीवर वेग कळतो: एक किलोमीटर 30 सेकंदांत कापलं की काटा 120 दाखवतो. दुसरीवर वीज किती लांब पडली ते. तिसरी नाडीची. आणि आकड्यांवरचा चमकणारा रंग कारखान्यातच पिवळट केलेला, जुनं वाटावं म्हणून. म्हणजे नव्या घड्याळाला म्हातारपण चढवायचे वेगळे पैसे! माझे दात फुकटात पिवळे झाले, त्याचं कुणाला कौतुक नाही.

मी एकदा हे, एकदा ते मनगटावर चढवत होतो. हातमोजे घातलेली विक्रेती मुलगी "दोन्ही छान दिसतंय, काका" म्हणत होती. (काका! असो.) तेवढ्यात शेजारी पट्टा बदलायला आलेले गृहस्थ माझ्या मनगटावर वाकले.

"ही नाडीची पट्टी ना?"

"हो," मी म्हणालो. इथेच चुकलं.

"हात द्या."

हात त्यांनी घेतलाच. दुसऱ्या हाताने क्रोनोग्राफ माझ्या मनगटावरून काढून स्वतःपुढे धरलं. "या पट्टीवर 30 ठोके मोजायचे. हलू नका." बटण दाबलं आणि खड्या आवाजात सुरू झाले. एक, दोन, तीन... शाळेत पाढे म्हणायला उभं केल्यासारखा मी उभा. काउंटरवरची बाकीची मंडळी आपली घड्याळं सोडून माझी नाडी ऐकू लागली. एका छोट्या मुलाला तर त्याच्या आईने नीट दिसावं म्हणून उचलून घेतलं.

"...सतरा, अठरा..."

"काका, पट्टा काळा की तपकिरी?" मुलीने त्यांना विचारलं.

"काळा. चोवीस, पंचवीस..."

मी तोंड उघडलं. त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. तीस झाले, बटण दाबलं, चष्मा कपाळावर सारला. "112! अहो, तुम्हाला घड्याळ कशाला? आधी डॉक्टर गाठा." मग मुलीकडे वळून म्हणाले, "यांना ते पांढरंच द्या. याच्यात बटणं फार, झेपणार नाही."

लोक हसले असते तर चाललं असतं. लोकांनी हळहळ व्यक्त केली. एका बाईंनी मला खुर्ची दिली आणि मी, हे सांगताना लाज वाटते, तिच्यावर बसलो. मुलीने पाणी आणलं. हातमोजे काढून. इतका वेळ ती मला इनॅमलच्या काचेला बोट लावू देत नव्हती, आणि आता माझ्या हाताला धरून "बरं वाटतंय ना?" विचारत होती.

क्रोनोग्राफ या शब्दाचा अर्थच मुळी 'काळ लिहिणारा'. 1821 मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत रियुसेक नावाच्या कारागिराने जे यंत्र वापरलं, ते तबकडीवर खरोखरच शाईचा ठिपका टाकायचं. तो ठिपका मला आज हवा होता. कारण या गृहस्थांनी निकाल सांगितला आणि लगेच दुसरं बटण दाबून काटा शून्यावर नेला. पुरावा गायब. मग काळा पट्टा मनगटावर बांधून, मला "जपा हं" सांगून ते चालते झाले.

मी दोन्हींपैकी काहीच घेतलं नाही. खुर्चीवर बसून पाणी प्यायलेल्या माणसाने घासाघीस कोणत्या तोंडाने करायची?

रात्री कागद घेऊन बसलो. 112 दिसायला 30 ठोके साधारण 16 सेकंदांत व्हायला हवेत. त्यांनी 'काळा' म्हणताना एकोणीस ते तेवीस गिळले. म्हणजे पाच ठोके कमी. 16 सेकंदांत 25. मिनिटाला 94. तेही माणूस असा अंगावर आलेला असताना.

चौऱ्याण्णव. कागद पाकिटात ठेवलाय. ते गृहस्थ पट्टा बदलायला पुन्हा कधी येतात, एवढं त्या मुलीला विचारायचं आहे.