‘२४ एक्स’चा रायटर आणि फॉरवर्डमधलं अर्धवट शहाणपण

डीव्हीडी रायटर आता कोण वापरतं, असं विचारणाऱ्यांनी एकदा कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे किंवा लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या दुकानात डोकवावं. सीसीटीव्हीचं फुटेज, मुंजीचा व्हिडिओ, नाट्यसंस्थेची जुनी रेकॉर्डिंग्ज अजून डिस्कवर जातात. त्यामुळेच ‘नवा किंवा सेकंडहँड रायटर असा तपासा’ या फॉरवर्डलाही अजून गिऱ्हाईक आहे. ग्रुपमागून ग्रुप फिरणाऱ्या त्या मजकुराचा गोषवारा असा: २४ एक्सचाच रायटर घ्या, तो १६ एक्सपेक्षा दीडपट वेगात लिहितो. लिहिताना मात्र सगळ्यात कमी स्पीड ठेवा. रायटर चांगला असेल तर डिस्क कुठलीही चालते. ‘बर्न सक्सेसफुल’ आलं आणि फाइल उघडली की रायटर पास. शंका वाटलीच तर स्कॅन मारा, ९५च्या वर स्कोअर म्हणजे ए-वन. आणि नीट लिहिलेली डिस्क शंभर वर्षं जाते.

पहिला सल्ला २४ एक्स घ्यायचा आणि दुसरा तो वापरूच नका असा, हे फॉरवर्ड करणाऱ्या कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. असो, एकेक मुद्दा घेऊ.

‘२४ एक्स म्हणजे दीडपट वेग’

डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १३८५ किलोबाइट. (सीडीचा १ एक्स १५० किलोबाइटचा, खोक्यावरचा ‘४८ एक्स’ हा सीडीचा आकडा डीव्हीडीचा समजून घरी आणणारेही भेटतात.) त्या हिशेबाने १६ एक्स म्हणजे सेकंदाला साधारण २२ एमबी आणि २४ एक्स म्हणजे ३३ एमबी. पण हा वेग रायटरला फक्त शेवटी, डिस्कच्या बाहेरच्या कडेला मिळतो. लेखन आतून बाहेर जातं. डेटा मध्यापासून २४ मिलिमीटरवर सुरू होतो आणि ५८ मिलिमीटरवर संपतो. डिस्क एकाच गतीने गरगरत असते, त्यामुळे लेसरखालून सरकणारी लांबी आत कमी आणि बाहेर जास्त, जवळपास २.४ पट. म्हणून १६ एक्सचा रायटर सुरुवात करतो साडेसहा एक्सच्या आसपास आणि २४ एक्सचा दहाच्या आसपास.

आता पूर्ण ४.७ जीबीची डिस्क धरा. निव्वळ डेटा लिहायला कागदावर १६ एक्सला पाच मिनिटं आणि २४ एक्सला तीन मिनिटं वीस सेकंद लागतात. त्यावर दोघांनाही सारखाच लागणारा वेळ चढतो: सुरुवातीला लेसरची शक्ती तपासणं, लीड-इन (डिस्कच्या सुरुवातीची नोंद), शेवटचं क्लोजिंग (डिस्क बंद करण्याची नोंद). म्हणजे सगळी मिळून बचत दीडेक मिनिटाची, तीही डिस्क काठोकाठ भरली तर. एक जीबीचं फुटेज लिहायचं असेल तर २४ एक्सचा रायटर १४ एक्सच्या पुढे पोचायच्या आतच काम संपतं.

दुसरं म्हणजे, २४ एक्सची कोरी डिस्क अशी वस्तूच नाही. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी प्लस आर हे एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कचे दोन प्रकार, दोन्हींचे अधिकृत वेग १६ एक्सपर्यंतच आहेत. त्यापुढचे १८, २०, २२, २४ हे रायटर कंपन्यांनी आपल्या जबाबदारीवर, निवडक १६ एक्स डिस्कवर दिलेले वेग. २४ एक्सला डिस्क हिशेबाने मिनिटाला तेरा हजारांच्या पुढे फेरे घेते. त्यावर एका बाजूला कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर आवाज शेजारच्या खोलीत जातो.

आणि टेस्टमध्ये वेळ जास्त लागला तर दोष रायटरचाच असतो असंही नाही. विंडोज एक्सपीच्या जुन्या मशीनवर, रायटर जोडणाऱ्या आयडीई केबलमध्ये वारंवार एरर आल्या की विंडोज तो चॅनल गुपचूप डीएमएवरून (डेटा सीपीयूला न अडवता थेट जातो) पीआयओ मोडवर (सगळा डेटा सीपीयूलाच वाहावा लागतो) उतरवतं. मग सीपीयू शंभर टक्क्यांना टेकतो, इमेजबर्न या डिस्क लिहायच्या सॉफ्टवेअरमधली बफरची (लिहायला तयार ठेवलेल्या डेटाच्या साठ्याची) पट्टी खाली-वर नाचू लागते, लेखन थांबतं, पुन्हा जोडून सुरू होतं. बफर अंडररन प्रोटेक्शन, म्हणजे बफर रिकामा झाला तर थांबून पुन्हा जोडायची सोय, असल्यामुळे डिस्क वाया जात नाही, पण दहा मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं आणि बिचारा रायटर ‘स्लो’ म्हणून परत जातो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या चॅनलचा मोड आधी बघावा, मग घड्याळ लावावं. कमाल वेगाच्या आकड्यावर जाऊ नका. इमेजबर्नच्या लॉगमध्ये खाली सरासरी वेग लिहिलेला असतो. चांगला १६ एक्स रायटर तिथे अकराच्या आसपास दाखवतो, आणि ते अगदी बरोबर आहे.

‘सगळ्यात कमी स्पीडला लिहा’

या सल्ल्याला एके काळी अर्थ होता, म्हणूनच तो मरत नाही. सुरुवातीच्या सीडी रायटरांना बफर संपला की थांबून पुन्हा जोडता येत नसे. हार्डडिस्क जरा अडखळली की डिस्क गेली कचऱ्यात. तेव्हा हळू लिहिणं ही खरोखर हुशारी होती.

आजची १६ एक्स डिस्क वेगळी. तिच्यातला रंगद्रव्याचा थर छोट्या, जोरकस लेसर-ठोक्यांसाठी बेतलेला असतो. वेग फार उतरवला की लेसर एका जागी जास्त वेळ राहतो, उष्णता आजूबाजूला पसरते आणि खुणांच्या कडा पुसट होतात. शिवाय प्रत्येक वेगासाठी ठोके कसे द्यायचे याचं कोष्टक फर्मवेअरमध्ये, म्हणजे रायटरच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, असतं. ते जुळवायला कंपन्यांनी मेहनत घेतली ती गिऱ्हाईक वापरतो त्या वेगांवर. कित्येक रायटर १६ एक्स डिस्कवर १ किंवा २ एक्सचा पर्यायच देत नाहीत, यादीत सुरुवातच ४पासून होते.

उलट टोकाला, १६ एक्सला कडेपाशी जिटर चढतो. जिटर म्हणजे खुणेची कड जिथे यायला हवी तिथून किती सरकते ते. मानकाप्रमाणे ते डिस्कच्या प्रकारानुसार ८ ते ९ टक्क्यांच्या आत हवं. म्हणून रायटर आणि डिस्कच्या बहुतेक जोड्यांमध्ये ८ किंवा १२ एक्सला निकाल बरा येतो. ‘बहुतेक’ म्हणतोय, ‘सगळ्या’ नाही. एकाच स्पिंडलमधल्या, म्हणजे एकाच चळतीतल्या, चार डिस्क घ्या, ४, ८, १२ आणि १६ एक्सला एकेक लिहा, चौघींचा शेवटचा अर्धा जीबी ताडून बघा (कसा, ते पुढे येतंच). चार डिस्कच्या पैशात आपल्या जोडीचा वेग कळतो.

‘रायटर चांगला, मग डिस्क कुठलीही’

हे सरळ चुकीचं. डिस्क आत गेली की रायटर पहिल्यांदा तिच्यावर कारखान्यातच कोरलेला उत्पादकाचा कोड वाचतो. मित्सुबिशी केमिकलचा एमसीसी ००४, तैयो युदेनचा टीवायजी०३, आपल्या मोझर बेअरचा एमबीआयपीजी१०१ ने सुरू होणारा. तो कोड ओळखीचा असेल तर त्या डिस्कसाठीचं कोष्टक उघडतं. नसेल तर रायटर सर्वसाधारण कोष्टकावर भागवतो आणि वेगही बहुधा उतरवतो. त्यानंतर डिस्कच्या आतल्या कडेला राखीव जागेवर तो थोडंसं लिहून बघतो आणि लेसरची शक्ती ठरवतो. म्हणजे कामगिरी असते ती जोडीची, एकट्या रायटरची नव्हे. फर्मवेअर अपडेटमध्ये ‘मीडिया सपोर्ट सुधारला’ असं लिहिलेलं असतं ते याच कोष्टकांबद्दल. लेसर थकलेला असेल तर त्याने काही होत नाही.

खोक्यावरचा ब्रँड आणि आतला कारखाना एकच असेल असंही नाही. तैयो युदेनने २०१५च्या अखेरीस हा धंदा सोडला. मोझर बेअर, जिच्या स्वस्तातल्या सिनेमांच्या सीडी-डीव्हीडींनी आपली कपाटं भरली, ती दिवाळखोरीत जाऊन २०१८मध्ये अवसायनात निघाली. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या ‘ही डिस्क बेस्ट’ याद्या आज कामाच्या नाहीत. कोड वाचा, तो इमेजबर्नच्या उजव्या बाजूच्या चौकटीत दिसतो.

‘बर्न सक्सेसफुल, फाइल उघडली, पास’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय, म्हणून इथे जरा थांबू.

‘सक्सेसफुल’चा अर्थ इतकाच, की रायटरने सगळा डेटा लिहायला घेतला आणि तक्रार केली नाही. लिहिलेलं वाचता येतं का, हे त्याने पाहिलेलंच नसतं. व्हेरिफायची (लिहिलेलं पुन्हा वाचून ताडायची) खूण केली असेल तर पाहतो, पण तेही स्वतःच. ज्याने लिहिलं त्यालाच आपलं अक्षर लागतं, यात नवल काय?

त्यातून डीव्हीडी चुका लपवण्यात पटाईत आहे, आणि ते तिचं कामच आहे. डेटा ३२ किलोबाइटच्या गठ्ठ्यांत जातो. प्रत्येक गठ्ठा म्हणजे २०८ ओळी आणि १८२ स्तंभांचा तक्ता, त्यात आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून दुरुस्तीची बाइट्स पेरलेली. एका ओळीत पाच बाइटपर्यंत बिघडले तर आडवी दुरुस्ती ते तिथल्या तिथे नीट करते. अशी चूक असलेली ओळ म्हणजे एक पीआय एरर. पाचाहून जास्त बिघडले तर ती ओळ आडव्या दुरुस्तीच्या हाताबाहेर गेली, ते पीआय फेल्युअर, आणि मग उभी दुरुस्ती मदतीला येते. मानक म्हणतं, लागोपाठच्या आठ गठ्ठ्यांत मिळून पीआय एरर २८०च्या वर नकोत. फेल्युअरची प्रचलित मर्यादा गठ्ठ्यामागे चार. या सगळ्या भानगडी होत असताना तुमची फाइल बिनदिक्कत उघडते. दुरुस्तीची ताकद जवळजवळ संपलेली डिस्क आणि उत्तम डिस्क, विंडोजच्या खिडकीत दोघी सारख्याच दिसतात. पहिली वर्षभरातही जाऊ शकते.

म्हणून रायटरची परीक्षा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घ्यावी, शक्यतो जरा दुबळ्या. जुन्या लॅपटॉपचा पातळ ड्राइव्ह यासाठी झकास. डिस्क त्यात घाला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत रीड टेस्ट चालवा. वेगाची रेघ आतून बाहेर सावकाश चढत गेली तर ठीक. मध्येच करवतीसारखे दाते दिसले, विशेषतः शेवटच्या भागात, तर ड्राइव्ह तिथे परत परत वाचतोय असं समजा. डिस्क अर्धीच भरली असेल तर ही टेस्ट अर्धीच झाली. कड तपासलीच गेली नाही.

वकिलांकडे जाणाऱ्या डिस्कबाबत तर यात कुचराई नको. २०१४च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणाच्या व्हीसीडी होत्या, आणि त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ बचं प्रमाणपत्र लागतंच हे पक्कं केलं. त्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात तर हॅशही, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून गणिताने काढलेला तिचा ठसा, लिहावा लागतो. हॅश जुळायला एकेक बिट जागेवर हवा. ‘व्हिडिओ तर चालतोय’ हे तिथे उत्तर नाही. लिहिण्याआधी फाइलचा हॅश काढा, आणि लिहिल्यावर दुसऱ्या मशीनवर, डिस्कवरूनच, पुन्हा काढा. त्याच मशीनवर काढलात तर विंडोज मेमरीतली प्रत वाचून मोकळं होऊ शकतं.

‘९५च्या वर स्कोअर म्हणजे ए-वन’

हा स्कोअर नीरो डिस्कस्पीड या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आणि तो मुख्यतः पीआय फेल्युअरच्या कमाल आकड्यावरून निघतो. डिस्कवर बोटाचा एक ठसा असला तरी एक उंच रेघ येते आणि स्कोअर कोसळतो. उलट सबंध डिस्कभर पीआय एररचा डोंगर असून स्कोअर छान येऊ शकतो. आकडा सोडा, आलेख बघा: पातळी सपाट आहे की बाहेर जाताना चढते, आणि चढते तर कुठून.

शिवाय हे मोजणारं यंत्र म्हणजे प्रयोगशाळेतलं उपकरण नव्हे, तुमचाच ड्राइव्ह आहे. लाइट-ऑन आणि बेनक्यू यांचे ड्राइव्ह या कामासाठी नावाजलेले, पण एकाच डिस्कचे त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. बहुतेक एलजी ड्राइव्ह तर हे आकडे देतच नाहीत. तिथे स्कॅनचं बटण दाबून काही येत नाही म्हणून रायटर बिघडला समजू नये. एकच ड्राइव्ह, एकच स्कॅन-वेग ठेवून दोन डिस्कांची तुलना करा, तेवढीच ती खरी.

‘शंभर वर्षं’

हा आकडा जलद-जीर्णता चाचण्यांच्या गणितातून येतो. डिस्क भट्टीत, दमट हवेत ठेवायची आणि तिथल्या बिघाडावरून साध्या तापमानाचा अंदाज बांधायचा. त्यात रत्नागिरीचा पावसाळा, गाडीच्या डॅशबोर्डवरचं ऊन आणि मार्करने लिहिलेलं नाव धरलेलं नसतं. महत्त्वाचं असेल ते दुसरीकडेही ठेवा, आणि दरवर्षी एकदा रीड टेस्ट लावा.

राहिले फीचर, ज्यांचा फॉरवर्डमध्ये पत्ताच नाही. सेकंडहँड रायटर घेताना मी दोन गोष्टी आवर्जून पाहतो. एक, बुकटाइप, म्हणजे डिस्कवर नोंदलेला तिचा प्रकार, बदलता येतो का. डीव्हीडी प्लस आरला ‘डीव्हीडी-रॉम’ अशी ओळख लावून दिली की हॉलमधला पंधरा वर्षांचा प्लेअर ती मुकाट्याने घेतो. दुसरं, कुठल्या प्रदेशातल्या सिनेमांच्या डीव्हीडी चालतील ते ठरवणारा रीजन कोड बदलायच्या पाचांपैकी किती संधी आधीच्या मालकाने शिल्लक ठेवल्यात. आणि एक डिस्क वाचवायची असेल तर ‘टेस्ट बर्न’ (प्रत्यक्ष न लिहिता केलेली रंगीत तालीम) डीव्हीडी-आरवरच चालवा. प्लस आरमध्ये ती सोयच नाही.