टार्गेटपेक्षा जास्त जखमी, अभिनंदन!

युद्धभागातल्या आमच्या दवाखान्याचा तिमाही रिपोर्ट डोनरकडून, म्हणजे निधी देणाऱ्या संस्थेकडून, परत आला. येतोच, त्याचं कौतुक नाही. पण या वेळी जखमींवरच्या शस्त्रक्रियांचा रकाना हिरवागार, आणि शेजारी शेरा: ‘टार्गेटच्या दुपटीहून अधिक साध्य. उत्कृष्ट कामगिरी! या यशामागची कारणे आणि इतर जिल्ह्यांत ते कसे राबवता येईल, हे कृपया सविस्तर लिहावे.’

यशामागची कारणं. लिहू? तोफा. त्या तिमाहीत आघाडी सरकत सरकत बाजारपेठेपर्यंत आली, हे कारण. इतर जिल्ह्यांत कसं राबवायचं ते तोफवाल्यांना विचारा ना, पुढच्या तिमाहीचा आराखडा त्यांच्याकडे नक्की तयार असेल. आमचा सर्जन ऑपरेशनच्या टेबलाशेजारीच जमिनीवर झोपत होता, आणि हे म्हणे उत्कृष्ट कामगिरी! उद्गारचिन्हासकट. ते उद्गारचिन्ह बघून माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

आणि त्याच पानावर, दोनच ओळी खाली, बाळंतपणांचा रकाना लालभडक. ‘टार्गेट अपूर्ण. सुधारणात्मक उपाय?’ अहो, गावं ओस पडली! ज्या बायका आमच्याकडे येणार होत्या त्या सीमेपलीकडे तंबूत बाळंत झाल्या. नॅरेटिव्हच्या, म्हणजे रिपोर्टमधल्या वर्णनाच्या, पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. पण नॅरेटिव्ह वाचतो कोण? रंग बघायचा, शेरा मारायचा, पुढची फाईल. एकाच गोळीबारानं एक रकाना हिरवा केला, दुसरा लाल केला, आणि या महाशयांना दोन्ही आमचीच करणी वाटते.

कारण निवडायला यादी दिलीय. ‘भरतीस विलंब’, ‘खरेदीस विलंब’, ‘हंगामी चढउतार’, ‘इतर’. युद्धग्रस्त भागासाठीचा निधी, त्याचा फॉर्म, आणि त्यात युद्ध ‘इतर’मध्ये! मी ‘हंगामी चढउतार’ निवडणारच होते. शपथेवर सांगते, कोणी हटकलं नसतं.

रागाच्या भरात खरमरीत उत्तर लिहायला बसले. थोड्या वेळानं पाहते तर काय, मी तक्ता आखलाय. पहिला रकाना ‘शेरा’, दुसरा ‘आक्षेप’, तिसरा ‘पुराव्याचा प्रकार’, आणि शेवटच्या रकान्याला चक्क रंग भरलाय. इतकी वर्षं लॉगफ्रेम, म्हणजे उद्दिष्टं-निकष-पुरावे यांचा डोनरी तक्ता, भरून माझं भांडणसुद्धा लॉगफ्रेममध्येच येतं. खाली ‘आव्हानात्मक परिस्थिती असूनही’ असंही टाइप केलं होतं. स्वतःशीच भांडताना!

असो. विषय निघालाच आहे तर डिझेल. जनरेटरच्या डिझेलला तीन कोटेशनं लावा. वेढा पडलेल्या गावात डिझेल विकणारा एकच माणूस, तो रात्री कॅन घेऊन येतो आणि नाव सांगत नाही. त्याच्याकडून लेटरहेड आणू? बँका बंद, पैसे हवालानं येतात हे सगळ्यांना ठाऊक, तरी ऑडिटरला बँकेचा शिक्का हवा. सरकारी विनिमय दर एक, बाजारातला दुसरा, आणि मधला फरक जणू आम्हीच खिशात घातला.

वयोगटांचं तर नावच काढू नका. एका डोनरला पाच वर्षांखालची मुलं वेगळी हवीत, दुसऱ्याला अठराखालची, तिसऱ्याला दोन वर्षांखालची, तीही मुलगे-मुली वेगळे करून. रजिस्टर एकच, भरणारी नर्स एकच, तिच्या हातात टॉर्च. वर हे सांगा की तेच पेशंट दोनदा मोजले नाहीत ना? ओळखपत्रं घराबरोबर जळालेल्या माणसांचे ‘युनिक बेनिफिशियरी’ कसे काढायचे, हे मला कोणीतरी एकदा बसवून शिकवा.

आणि लोगो! ‘फोटोत आमचा लोगो ठळक दिसत नाही.’ छतावरचं मोठं चिन्ह काही ठिकाणी वाचवतं, काही ठिकाणी नेम धरायला सोपं पडतं. कुठे काय लावायचं हे तिथली माणसं ठरवतात, तुमचा कम्युनिकेशन विभाग नाही.

मे २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव २२८६ केला, दवाखान्यांवर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले करू नका. त्याच महिन्यात इस्तंबूलला ग्रँड बार्गेन झालं, म्हणजे डोनर आणि मदतसंस्थांचा करार: रिपोर्टिंग सोपं आणि एकसारखं करू, २०२० पर्यंत २५ टक्के निधी शक्य तितक्या थेट स्थानिक संस्थांकडे देऊ. पहिल्याचं काय झालं ते आमच्या सर्जनला विचारा. दुसऱ्यातून ‘८+३’ नावाचा रिपोर्टचा नमुना निघाला, आठ मूळ प्रश्न आणि वर तीन. इराक, म्यानमार, सोमालियात चाचणीही झाली. चांगला नमुना आहे हो, मला मनापासून आवडतो! आमचा डोनरही वापरतो. फक्त त्याला सहा परिशिष्टं जोडलीत, आणि प्रत्येक परिशिष्टाची फाईल वेगळी, कारण पोर्टल मोठी फाईल घेत नाही आणि मधेच लॉगआउट करतं.

आत्ताच आणखी एक मेल आलाय. रिपोर्टिंगचा बोजा कमी करण्यासाठी वेबिनार आहे. आधी एक प्रश्नावली भरून पाठवायची, शुक्रवारपर्यंत, फिल्डवरच्या प्रत्येक केंद्राची वेगळी.