सांगलीहून आलेल्या कॉमेंटला उत्तर (खोबरेल, रॉकेल आणि कार्पेटवरचं डांबर)

कार्पेटवरच्या डांबराच्या आणि ग्रीसच्या डागांवर मी लिहिलं होतं, त्यावर सांगलीच्या एका वाचकांची कॉमेंट आलीय. सगळ्यांना कळावं म्हणून आधी ती जशीच्या तशी देते: "मॅडम, डांबरावर खोबरेल चोळा म्हणे! म्हणजे एका डागावर दुसरा डाग. आधी केमिस्ट्री वाचा मग लोकांना शिकवा. रॉकेलनं आमच्या कार्पेटची मागची बाजू सुटली त्याचं काय? लोकरीच्या कार्पेटबद्दल एक अक्षर नाही. हे आजीबाईंचे उद्योग सोडा आणि ड्रायक्लीनला द्या."

अहो, असं कोण बोलतं का? तुमच्या घरी पाहुणी म्हणून आले असते आणि चहा घेता घेता हेच सांगितलं असतं तर तुम्ही मला "आधी केमिस्ट्री वाचा" म्हणाला असतात का? नसतात म्हणाला, बशीत अजून दोन बिस्किटं ठेवली असतीत. इथं चेहरा दिसत नाही म्हणून वाट्टेल त्या सुरात लिहायचं ही काय पद्धत झाली. शंका विचारा, शंभर विचारा, मी उत्तर देते, आजवर दिलेलीच आहेत. आणि आजीबाईंचं म्हणाल तर त्या आजीबाईंनीच तुमचे-आमचे कपडे धुतलेत.

आता तेल. डाग तेलकट, त्यावर परत तेल, मग डाग वाढणारच, असं तुम्हाला वाटतं. ऐकायला बरोबर वाटतं पण ते तसं नाहीये. रस्त्यावर टाकतात ते डांबर म्हणजे क्रूड तेल शुद्ध केल्यावर तळाशी उरणारा जड चिकट भाग. ते पाण्याला अजिबात दाद देत नाही, पण तेलात मऊ पडतं, सुटतं, कारण मुळात दोन्ही एकाच स्वभावाची. खोबरेल डांबरात मुरतं, ते पातळ होतं आणि धाग्याची पकड सोडतं. मग राहतं काय, तर तेलात विरघळलेलं डांबर, आणि तेल काढायला आपल्याकडे भांडी घासायचं लिक्विड आहेच. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, म्हणून दोन्ही मिळून निघून येतं. ही झाली केमिस्ट्री. तुम्ही तेलापर्यंत वाचलंत आणि कॉमेंट टाकलीत, साबणापर्यंत पोचलाच नाहीत, त्याला मी काय करू?

आणि मी "चोळा" कधीच म्हटलं नव्हतं. चोळलं की डाग पसरतो आणि खाली जातो. कापसाच्या बोळ्यानं टिपायचं, डागाच्या कडेकडून मधे यायचं, बोळा काळा झाला की टाकून दुसरा घ्यायचा. त्याच्याही आधी बर्फ. डांबर गार पडलं की कडक होऊन तडकतं, मग बोथट सुरीनं किंवा जुन्या चमच्यानं खरवडून जेवढं निघेल तेवढं काढायचं, राहिलेल्यालाच तेल. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचा हे लिहायचं राहिलं होतं, तेवढं तुमचं मान्य (तुम्ही ते म्हटलेलंही नाही, पण मीच मान्य करते). आणि थंडीत खोबरेल थिजतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात उभी करा, गॅसवर नको.

माझ्यावर विश्वास नसेल तर ऐका. माझे वडील रस्त्याच्या कामावर मुकादम होते. कोरेगाव, रहिमतपूर, त्या सगळ्या बाजूला त्यांनी उन्हातान्हात डांबरीकरण करून घेतलंय, आणि संध्याकाळी घरी यायचे ते पायाला, चपलेला, पँटच्या टोकाला डांबर घेऊनच. आई दारातच खोबरेलची वाटी घेऊन बसायची, आधी पाय, मग चपला, मग पँट, वर साबणाचं पाणी. मला डांबराचा डाग काय असतो ते कुणी शिकवायची गरज नाही, मी त्या वासात वाढलेय. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर नेमकं आमच्या गल्लीत डांबर पडतं आणि पोरं तशीच चपला घालून हॉलमधे येतात. रस्त्याचं डांबर 50 अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं, दुपारचा काळा रस्ता त्याहून तापतो. म्हणून गरम पाणी आणि इस्त्री डांबराला नाही. कागद ठेवून इस्त्री फिरवा असं कुणीतरी तुम्हाला सांगेल, ते मेणाला ठीक आहे, डांबर त्यानं खालच्या थरात जाऊन बसेल.

ग्रीसचं वेगळं, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, नवल आहे. सायकलच्या चेनच्या ग्रीसमधे तेलाबरोबर लोखंडाची बारीक काळी भुकटी असते. आधी त्यावर कॉर्नफ्लॉवर किंवा टाल्कम पावडर टाका, तेल शोषलं जाईल, मग अलगद झाडून घ्या, मग लिक्विडचं पाणी. एवढं करून फिकट करडी सावली राहिली तर ती भुकटीची असते, तेल लावलं म्हणून जाणार नाही. तुमच्या सांगलीत हळदीचे डाग उन्हात उडतात, तसं ग्रीस उन्हात ठेवलं म्हणून उडत नाही हेही सांगून ठेवते.

रॉकेलचं म्हणाल तर मी बोळ्याला लावा म्हटलं होतं, ओता नाही. मशीनच्या कार्पेटला मागं लॅटेक्सचा थर असतो, तो रॉकेलनं फुगणार, सुटणार, ओतल्यावर दुसरं काय होणार. आधी कोपऱ्यात लावून बघा हे पहिल्याच परिच्छेदात होतं. रेशनचं निळं रॉकेल तर वापरूच नका, त्याचा निळा रंग कार्पेटवर उतरेल. आणि पेट्रोल घरात अजिबात नको, त्याची वाफ उणे 40 अंशालाही पेट घेऊ शकते. रॉकेलची वाफ पेटायलाही मेमधले 38-40 अंश पुरतात, तेव्हा गॅस बंद, खिडक्या उघड्या, आणि वास जाईपर्यंत व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही.

लोकर? गार पाणी, सौम्य लिक्विड, ब्लीच नाही, गरम पाणी नाही. झालं, एवढंच आहे, त्यात लिहिण्यासारखं काय होतं?

ड्रायक्लीनला द्यायचं तर खुशाल द्या, मी कुठं हात धरलाय. फक्त तिथल्या माणसाला डाग कशाचा आहे ते सांगा, आणि आधी घरी काय काय लावलंत तेही. नाहीतर त्यालाही "आधी केमिस्ट्री वाचा" म्हणाल.